खो मिळण्याआधी उठणारी

'शाळेने घडवलेले नेतृत्व' या विषयावर स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं तेव्हा आधी हसू आलं. मी आमदार नाही की कलेक्टर नाही. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले, आता परिसेविका आहे. वॉर्डात सगळे 'इन्चार्ज सिस्टर' म्हणतात. हाताखाली सिस्टर, मामा, मावश्या आणि शिकाऊ मुली. त्यांना सांभाळणं याला नेतृत्व म्हणायचं असेल, तर ते मी शाळेमागच्या खो-खोच्या मैदानात गिरवलं. चांगलं आणि वाईट, दोन्ही.

नववी-दहावीत मी मुलींच्या संघाची कर्णधार होते. माझ्यापेक्षा चपळ मुली संघात बऱ्याच होत्या. बाईंनी मला निवडलं ते पळणाऱ्यांचा क्रम लावण्यासाठी. नऊ जणी तीन-तीनच्या तुकड्यांनी आत जातात आणि कोणामागून कोण, हे आधीच गुणलेखकाला लिहून द्यावं लागतं. मोठ्या गटाचा डाव ९ मिनिटांचा. सगळ्या चांगल्या मुली पहिल्या तुकडीत घालायचा मोह होतो, आणि मग शेवटची तुकडी बघता बघता गारद होते. मी एक खंबीर मुलगी कायम तिसऱ्या तुकडीसाठी राखून ठेवायची. कोण सुरुवातीलाच घाबरते, मैत्रीण बाद झाली की कोणाच्या पायातलं बळ जातं, कोण हुलकावणी झकास देते पण खांबाजवळ गोंधळते, हे मला आपोआप दिसायचं.

एवढी एक गोष्ट मला येते, आणि महिन्याची ड्युटी लावताना तीच कामी येते. सकाळ ८ ते २, दुपार २ ते ८, रात्र ८ ते ८. मेडिसिनचा वॉर्ड, पावसाळ्यात डेंग्यू सुरू झाला की दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. रात्री तो कागदावरच राहतो. दोन्ही तरबेज सिस्टर सकाळी लावल्या तर राउंड सुरेख पार पडतो आणि नाईट उघडी पडते. कोणाचं मूल तापाने फणफणलंय, कोण आडव्या स्वभावाची आहे पण पहाटेचं रक्त एका टोचणीत काढते, हे सगळं धरून यादी करायची. माझ्या यादीत मेट्रन मॅडम क्वचितच खाडाखोड करतात. हे माझं बळ, आणि ते सांगायला मी लाजणार नाही.

आता दुसरी बाजू. बसलेल्या खेळाडूने खो मिळेपर्यंत उठायचं नसतं. मी उठायची! पळणारी हाताशी आलीय, आणि आमच्या धावणारीला ती दिसत नाहीये असं वाटलं की मी अर्धी उभी, आणि पंचांची शिट्टी. बाई ओरडायच्या, "बाकीच्या सात जणी काय शोभेला बसवल्यात का गं?"

ती खोड गेली नाही. शिकाऊ मुलगी सलाईन लावताना शीर शोधत असते, तिने दुसऱ्यांदा सुई हलवली की माझा हात पुढे. रुग्णाचं दुखणं वाचतं हे खरं, पण त्या मुलीचा हात बसायचा कसा? इंडेंट म्हणजे स्टोअरकडे सामानाची मागणी, चादरींची मोजदाद, सिलिंडरचा हिशेब, सगळीकडे 'राहू दे, मीच करते'. लोक याला कष्टाळूपणा म्हणतात. माझ्या मते तो दुसऱ्यांवरचा अविश्वास आहे. मी रजेवर असले की वॉर्डातून फोनवर फोन येतात, आणि कितीतरी वर्षं मला त्यात मोठेपणा वाटायचा.

शिवाय मला तोंडावर बोलता येत नाही. उशिरा येणाऱ्या सिस्टरला काही न म्हणता तिच्या जागी मीच थांबते आणि मग आठवडाभर धुमसते. मैदानावर ही अडचण आली नाही, कारण रागवायचं काम बाई करायच्या. वाईटपणा घेण्याचा सराव मात्र राहूनच गेला.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या महिला संघाने आणि प्रतीक वाईकरच्या पुरुष संघाने अंतिम फेरीत नेपाळला हरवलं. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी सगळ्यांना खो-खो समजावून सांगत होते. २०२२ साली सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो या लीगमध्ये 'वझीर' असतो, तो हव्या त्या दिशेने धावू शकतो. आमच्या वेळी वझीर असता तर मी तीच जागा मागितली असती, आणि बाईंनी मला ती मुळीच दिली नसती.

निवृत्ती जवळ आली म्हणून ड्युटी लावायचं काम आता माझ्यानंतरच्या सिस्टरकडे दिलंय. ती आधी सगळ्यांना विचारते, मग लिहिते. मी आधी लिहायची आणि मग कुरकुर ऐकायची. तिच्या पद्धतीत वेळ दुप्पट जातो, पण भांडणं कमी होतात. पहिल्याच यादीत तिने दोन नवख्या मुली एका नाईटला लावल्या होत्या. मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. यादीला हात लावला नाही. फक्त शेजारच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टरला म्हटलं, "त्या रात्री जरा आमच्याकडे फेरी मार गं." म्हणजे उठलेच की मी, एवढंच की शिट्टी वाजली नाही.