सुकतीच्या वेळी धोपाव्याच्या जेटीवर

गुहागर तालुक्यात शृंगारतळीला गॅरेज चालवताना गाडी खाली बसवून मागणारी पोरं हल्ली बरीच येतात. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली गॅप त्यांच्या डोळ्यांत खुपते. मला ते समजतं, गाडी जमिनीला धरून बसलेली मलाही आवडते. पण दाभोळहून आलेल्या त्या मुलाची गाडी हौसेची नव्हती. 2018 ची स्विफ्ट. रोज सकाळी जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, खाडी ओलांडायची, धोपाव्याला उतरून अंजनवेलच्या बाजूला कामावर जायचं आणि संध्याकाळी तशीच परत. सुट्टीच्या दिवशी त्याच गाडीत आई, वडील आणि आजी.

डिकीत त्याने पुण्याहून आणलेला सेकंडहँड कॉइलओव्हरचा सेट होता, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र जोडलेले. मोबाइलवर लोअरिंग स्प्रिंगचा फोटोही होता, गाडी 40 मिमी खाली आणणाऱ्या. "काका, यातलं काय टाकू?"

आधी सेट बाकावर मांडला. कॉइलओव्हरच्या बॉडीला बाहेरून आटे असतात, त्यावर स्प्रिंगची बैठक आणि तिला जखडणारी लॉक रिंग. रिंग सैल करून बैठक फिरवली की उंची बदलते, हाच त्याचा मोठा गुण. पुढच्या डाव्या शॉकअपच्या रिंगला सी-पाना लावला. रिंग हलेना. ब्रशने घासल्यावर आट्यांतून पांढरी भुकटी गळायला लागली. रिंग अॅल्युमिनियमची, बॉडी लोखंडाची. दोन्हींच्या मध्ये खारं पाणी शिरलं की तिथे बॅटरीसारखं काम सुरू होतं आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. ती पांढरी भुकटी म्हणजे झिजलेली रिंग. गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, रबरी हातोड्याने ठोकून पाहिलं, तरी काही नाही. "गॅसने तापवा ना," तो म्हणाला. नाही तापवली. आत दाबाखाली गॅस आणि तेल असतं, शॉकअप तापवणं म्हणजे जीवाशी खेळ. दुसऱ्या बाजूची रिंग फिरली, पण तिथे चकचकीत दांड्यावर बारीक खड्डे पडले होते आणि सीलभोवती तेलाची ओल होती. खड्डे पडलेला दांडा नवीन सील फार दिवस टिकू देत नाही.

इथलं वारंच खारं. त्यात जेटीच्या उतारावर रोज चाकं खाडीच्या पाण्यात भिजतात. अशा गाडीला कॉइलओव्हर घालायचाच असेल तर स्टेनलेस बॉडीचा घ्यावा, तसे मिळतात. शिवाय पावसाळ्याच्या आधी आणि नंतर रिंगा सोडवून, आटे धुऊन, ग्रीस लावण्याची शिस्त पाळावी. ती शिस्त न पाळणाऱ्याच्या हातात उंची बदलायची सोय नावापुरती उरते.

मग स्प्रिंगचं काय? स्प्रिंग स्वस्त, आटे नाहीत, रिंगा नाहीत. पण मूळ शॉकअप तसेच ठेवून आखूड स्प्रिंग टाकली की शॉकअपचा दांडा कायम जास्त आत बसतो आणि वरच्या बंप रबरपर्यंतची (शॉकअप पूर्ण दबला की शेवटचा दणका झेलणारं रबर) मोकळी जागा तेवढी कमी होते. स्प्रिंग थोडी कडक असते म्हणून काही भरपाई होते, सगळी होत नाही. शिवाय मूळ शॉकअपचे वॉल्व्ह मऊ स्प्रिंगच्या हिशोबाने केलेले. कडक स्प्रिंगची उसळी ते नीट धरत नाहीत आणि गाडी डुलायला लागते.

हे तोंडाने कितीही सांगितलं तरी पटत नाही, मोजलेलं पटतं. पुढच्या शॉकअपचं धुळीचं रबर वर सरकवलं आणि दांड्यावर, बॉडीला टेकून, प्लास्टिकचा टाय घट्ट आवळला. शॉकअप दबला की बॉडी टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहतो. गाडी किती दबली ते त्यावरून कळतं. एकटा चालक बसलेला असताना बॉडी आणि बंप रबर यांच्यामध्ये 55 मिमी जागा होती.

अमावास्या होती, म्हणून मुद्दाम त्याच दिवशी जेटीवर जायचं ठरवलं. उधाणाच्या दिवसांत भरती जशी वर चढते तशी सुकती, म्हणजे ओहोटीही, खोल जाते. पाणी उतरलं की बोटीचा रॅम्प धक्क्याच्या उताराला खूप खाली टेकतो आणि रॅम्प आणि उतार जिथे मिळतात तिथे कोन पडतो. वडील आणि आजी पलीकडून बोटीने आले होते, त्यांनाही गाडीत घेतलं. गॅरेजातून निघताना चौघांच्या वजनाने गाडी मधोमध 35 मिमी खाली बसली होती. वाटेतले ब्रेकर, खड्डे, साइडपट्टीवरचा जांभा, सगळं त्याच्या रोजच्या वेगाने. जेटीचा उतार उतरून रॅम्पवर पुढची चाकं चढली तेव्हा पुढून धप्प आवाज आला. वडील म्हणाले, "मिस्त्री, हा आवाज रोजचाच." बोटीवर वाकून पाहिलं. टाय सरकत थेट रबरला जाऊन टेकला होता. कंपनीच्या उंचीवरच गाडी रबरावर आदळत होती.

तिथेच त्याला हिशोब दाखवला. 40 मिमी खाली आणली तर 55 मधले 15 उरतात. परशुराम घाटात पावसात वळणावर पुढचं चाक रबरावर गेलं की स्प्रिंग एकदम दगडासारखी होते आणि टायरची पकड सुटते. दुसरा हिशोब पोटाचा. या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमीन यांच्यातली जागा, रिकाम्या गाडीला 163 मिमी. चौघांचे 35 आणि स्प्रिंगचे 40 वजा केले की 88. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 100 मिमी उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. एवढ्या पसरट ब्रेकरवर पुढची आणि मागची चाकं एकाच वेळी मावतात, त्यामुळे पोटाखाली जेमतेम 44 मिमी लागतात आणि गाडी निघून जाते. गावात रातोरात घातलेल्या डांबराच्या उंच, अरुंद वरवंट्याला हा नियम लागू नाही. तिथे पूर्ण उंची पोटाखाली येते आणि इंजिनखालचं ऑइलचं चेंबर लागतं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे खाली करायचीच नाही?" मी तसं म्हटलं नव्हतं. त्याची हौस खरी आहे आणि गाडी त्याच्या पगाराची आहे. गाडी 25 मिमी खाली आणणाऱ्या स्प्रिंग, पण सोबत त्यांना जुळणारे, आखूड बॉडीचे नवे शॉकअप आणि बंप रबरच्या जागी आखूड पीयू बंप स्टॉपर, असं मी सुचवलं. आखूड बॉडीमुळे गाडी खाली येऊनही दांड्याला धावायला जागा राहते, कॉइलओव्हरचा हा फायदा आट्यांशिवाय मिळतो. त्याचे जुने शॉकअप तसेही थकले होते. विमा कंपनीला बदल लेखी कळवायलाही सांगितलं. आरसीवरचा तपशील बदलेल असे फेरफार करायला मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 ने मनाई आहे, अपघातानंतर हा विषय निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा.

सामान आलं, बसवलं. काही दिवस चालवून स्प्रिंग बसू दिल्या आणि मग चिपळूणला अलाइनमेंट करायला पाठवलं. गाडी खाली आली की स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोन बदलतो आणि टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर वळलेला कल, बिघडतो, तो न सुधारता चालवली तर टायर आतल्या कडेने खलास होतात. हेडलाइटची पातळीही पुन्हा लावून घेतली.

पुढच्या उधाणाला परत जेटीवर गेलो, तेच चौघं गाडीत. रॅम्पवर गाडी जरा तिरपी घ्यायला शिकवलं, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकदम चढत नाहीत. धप्प आवाज आला नाही. टाय रबरच्या 9 मिमी अलीकडे थांबला होता. आजी म्हणाल्या की मागे बसून कमरेला दणका कमी बसतो.

त्याला अजून 10 मिमी खाली हवी आहे, येताना-जाताना विचारतो. पावसाळ्यात रस्ते कसे होतात ते त्यालाही माहीत आहे. दसऱ्यानंतर परत टाय बांधू आणि काय निघतं ते बघून बोलू, असं ठरलंय.