सव्विसावं नाव

मार्चमधली ॲरिझोनातली दुपार. मेजर लीग बेसबॉलच्या मोसमाआधीचा सराव-सामना, सातवी इनिंग. मैदानावर आता पाठीवर ८७ आणि ९१ असे नवख्यांचे नंबर घेऊन पोरं उतरली आहेत, निम्मे प्रेक्षक सावलीला सरकलेत, आणि कुणीतरी स्कोअरकार्डाच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं २६ रेघा ओढतो आहे: क्लबच्या २६ जणांच्या संघात कोण, याचा अंदाज.

भारताचा संघ जाहीर व्हायच्या आदल्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर नावं लिहिलेल्यांना हा रोग समजावून सांगायला नको. फक्त इथे निवडीचा घोळ दीड महिना चालतो.

२२ नावं फेब्रुवारीतच भरून होतात, त्यात गंमत नाही. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, जास्तीत जास्त १३: सामना सुरू करणारे पाच स्टार्टर, त्यांच्यामागून येणारे आठ रिलीव्हर. बाकीचे १३ बॅटवाले, म्हणजे डीएच (पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) धरून रोजचे नऊ आणि बाकावर चार. त्या चारांत एक दुसरा कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा) आणि एक असा, जो वेळ पडली तर शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभा राहील. हौशी यादी इथेच आपटते. बाकावर चार दणकेबाज बसवले आणि पाचव्या इनिंगमध्ये शॉर्टस्टॉपचा पाय मुरगळला, की उभं कोणाला करणार? कॅम्पात कॅचर सहा-सात दिसतात, म्हणून भुलून तिसरा लिहू नये. पिचरांची एवढी फौज रोज चेंडू टाकणार, ते झेलायला माणसं नकोत?

खरी मेख ऑप्शनची. ऑप्शन म्हणजे खेळाडूला न गमावता खालच्या लीगमध्ये पाठवायची मुभा; खेळाडूचे साधारण तीन असतात. एक खर्ची पडला की त्या मोसमात क्लब त्याला पाच वेळांपर्यंत खाली मायनरमध्ये धाडू शकतो. तिन्ही संपले की धाडण्याआधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे इतरांपुढे ठेवावं लागतं, आणि उरलेल्या २९ क्लबांपैकी कुणीही त्याला उचलू शकतं. त्यामुळे मार्चभर चारशेच्या सरासरीनं (हजारात चारशे हिट) झोडणारा, पण ऑप्शन उरलेला पोरगा ट्रिपल-एला, मायनरच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, जातो आणि ऑप्शन संपलेला दोनशे दहावाला राहतो. रूल फाइव्हमधून, म्हणजे दुसऱ्या क्लबचे मायनरमधले खेळाडू उचलायच्या निवडीतून, एक लाख डॉलर मोजून आणलेल्याचं तर आणखी अवघड: त्याला वर्षभर वरच ठेवायचं, नाहीतर वेव्हर्स, आणि तिथेही कुणी घेतला नाही तर निम्म्या पैशांत जुन्या क्लबला परत देऊ करायचा. आणि नुसत्या आमंत्रणावर आलेला कुणी मनात भरला असेल, तर आधी क्लबच्या ४० जणांच्या मोठ्या यादीत (२६ त्यातूनच निवडतात) जागा कुठे आहे ते बघावं. कुणी ६० दिवसांच्या दुखापत-यादीवर जाणार असेल, तर ती जागा मोकळी होते.

धावांचं म्हणाल, तर २०१५मध्ये क्रिस ब्रायंटनं मार्चमध्ये नऊ होमरन मारले. मोसम मात्र मायनरमध्ये सुरू केला, शिकागोच्या कब्ज क्लबकडून उतरला १७ एप्रिलला. मेजर लीगमधल्या सेवेचं एक वर्ष १७२ दिवसांचं. त्याचे भरले १७१. फ्री एजन्सी, म्हणजे हवा तो क्लब निवडायची मोकळीक, वर्षभर लांबली.

म्हणून मार्चचा बॉक्स स्कोअर वाचावा तो वेगळ्या डोळ्यानं. सरासरी सोडून द्यावी: पिचर कदाचित दिवसभर नवा चेंजअप (फसवा, हळू चेंडू) घोटत असतो, आणि सहाव्या इनिंगनंतर समोर कोण उभं असतं हे नंबरांवरूनच कळतं. कोण पहिल्या पाच इनिंगमध्ये खेळला, ते बघावं. एखादा आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागात उभा राहणारा) अचानक फर्स्ट बेसला दिसला, तर समजावं की त्याच्यासाठी बाकावर जागा शोधणं चाललंय. हा एवढासा बदल पाच होमरनपेक्षा जास्त बोलतो.

आणि पेननं लिहू नये. ‘कोपराखाली हात आखडलाय’ एवढीच बातमी येते. पिचरच्या बाबतीत ते चांगलं लक्षण नव्हे, पुष्कळदा पुढे कोपराची शस्त्रक्रियाच निघते. खोडरबर फिरतो, सहावा स्टार्टर पाचवा होतो, ट्रिपल-एचं तिकीट काढलेला आठवा रिलीव्हर होतो.

शेवटच्या आठवड्यात सकाळी लवकर एकेकाला मॅनेजरच्या खोलीत बोलावतात. बाहेर आलेला माणूस ग्लोव्ह, स्पाइक्स, दोन बॅटी पिशवीत भरतो. शेजारच्या लॉकरवाला मान वर करून बघत नाही. सामना दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी.