तुम्ही विचारलंत म्हणून : दुपारच्या झोपेचं भाडं

धाकट्याच्या प्लेस्कूलच्या फाटकाशी दुपारी बाराला आम्ही दहा-बारा आया उभ्या असतो. दिवाळी उरकली की नाताळच्या सुट्टीचे बेत सुरू होतात आणि खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कबद्दलचा एक प्रश्न फिरत फिरत माझ्यापाशी येतो.

"ताई, तुम्ही पोट्ट्यांना घेऊन इमॅजिकाला दोनदा जाऊन आल्या नं? मंग उतरल्या कुठे होत्या?"

मी सांगते, "गेटाला लागून." समोरची भाव विचारते. मी सांगते. त्यावर ती म्हणते, "अरे बापा! झोपायलाच तर जायचं नं तिथे?"

तेवढ्यात फाटक उघडतं, पोट्टे बाहेर येतात, कोणाची तरी पाण्याची बाटली आतच राहिलेली असते, आणि माझं उत्तर दर वेळी अर्धवट राहतं. ते असं आहे : हो, झोपायलाच. पण रात्री नाही, दुपारी.

पहिल्या खेपेला मीही त्या फाटकावरच्या बाईसारखाच हिशेब केला होता. थोरली तेव्हा तीन वर्षांची होती, धाकटा सव्वा. नागपुरातून निघायचं म्हणजे साडेसातशे किलोमीटरच्या वर अंतर. एवढं जातोच आहोत तर लोणावळाही होऊन जाईल, चिक्की घेता येईल, सासूबाईंना थंड हवा मिळेल. दिरांचं कुटुंबही सोबत होतं. आठ जणांत मिळून बंगला घेतला. फोटोत निळाशार पोहण्याचा तलाव, हिरवळ, झोपाळा. माणशी भाडं काढलं तर पार्कजवळच्या खोलीच्या निम्म्याहून कमी. नकाशावर लोणावळा आणि पार्क यांच्यात बोटाची दोन पेरंसुद्धा अंतर नव्हतं.

त्या दोन पेरांत बोरघाट आहे. लोणावळा घाटाच्या माथ्यावर, पार्क पायथ्याशी, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर. सकाळी उतरताना काही वाटलं नाही. संध्याकाळी परत चढायला लागलो तर शनिवार होता आणि अख्खी मुंबई आमच्यासोबत घाट चढत होती. आपल्याकडे घाट नसतो, त्यामुळे आपल्या मुलांना वळणांची सवय नसते, हे आधी डोक्यातच आलं नाही. थोरलीने दुसऱ्याच वळणावर सीटवर, स्वतःवर आणि माझ्या ओढणीवर सगळं काढलं. धाकटा साडेसहाला गाडीत पेंगला, वीस मिनिटांनी बंगल्याच्या दारात टक्क जागा झाला आणि रात्री साडेअकरापर्यंत हसत होता. तो एकटाच.

त्या निळ्याशार तलावाला कठडा नव्हता, दारही नव्हतं. दिवाणखान्यातून दोन पायऱ्या उतरलं की थेट पाणी. दोन दिवस आम्ही चार मोठी माणसं पाळीपाळीने पहाऱ्याला बसलो. सासूबाईंनी लोणावळ्याची थंड हवा त्या पायरीवर बसूनच खाल्ली. बंगल्याचं नाव मी सांगणार नाही, पण दोन वर्षांखालचं पोर सोबत असेल तर "प्रायव्हेट पूल" हे शब्द वाचून खूश होऊ नका.

दुपार तर याहून वाईट गेली होती. एक वाजता धाकट्याला झोप आली. बाबागाडीत तो झोपेना, कारण चारही बाजूंनी गाणी. मी खाण्याच्या जागेत एका बाकावर त्याला मांडीवर घेऊन बसले. बाजूच्या टेबलावर कोणाचा तरी वाढदिवस निघाला. थोरलीला मॅजिक कॅरोसेलच्या घोड्यावर चौथ्यांदा बसायचं होतं आणि तिचा बाबा मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत होता, तिथे फोन लागत नव्हता. संध्याकाळी परेड निघाली, रंगीत गाड्या, नाचणारी माणसं. आमची दोन्ही पोरं रस्त्याच्या कडेला आडवी पडून रडत होती. लोक परेड सोडून आम्हाला बघत होते.

घरी आल्यावर मी शांतपणे हिशेब मांडला. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्याला १० ते १३, दुपारची धरून. आमची पोरं घरी साडेनवाला झोपतात आणि सहाला उठून बसतात. म्हणजे साडेआठ तास. उरलेली झोप दुपारीच व्हायला हवी. सहलीत आपण तीच उडवतो, कारण एवढं महागडं तिकीट काढून झोपायचं कसं? गंमत अशी की तिथे मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर लागतं आणि अगदी बुटक्यांना लागतच नाही. ज्याचं तिकीट नाही, तोच सगळ्यांच्या तिकिटाचं काय करायचं ते ठरवतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही गेटाला लागून असलेल्या नोव्होटेलमध्ये दोन रात्री राहिलो. लोणावळ्याला तीन राहिलो होतो, एक रात्र कमी केली आणि पैसे इकडे वळवले. दिवस कमी करा पण अंतर वाढवू नका, हे मी फाटकावरही सांगत असते.

जवळ राहण्याचा खरा फायदा मला तिथे गेल्यावर कळला. जवळ राहिलं की कुटुंबाचे दोन तुकडे करता येतात. लांब असलं की गाडी एक, मग सगळ्यांनी सोबत जायचं, सोबत यायचं, एकाला झोप आली की सगळ्यांचा दिवस संपला. इथे पहिल्या दिवशी दीड वाजता धाकटा डोळे चोळायला लागला, तशी मी त्याला उचलून खोलीवर आले. पडदे ओढले, पंधरा मिनिटांत तो गाढ. सासूबाईही आल्या आणि पाय वर करून पडल्या. थोरली बाबासोबत आतच राहिली, उडत्या हत्तींवर बसली, परेड बघितली आणि रात्री मला नाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी आम्ही अदलाबदल केली. बाबा दुपारी खोलीवर, मी आणि थोरली आत. मला वाटतं त्यालाच ती झोप जास्त हवी होती.

दुपारी सगळ्यांनी बाहेर पडून संध्याकाळी परत आत जायचा बेत असेल, तर परत सोडतात का हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. सगळं गणित त्यावर आहे.

सासूबाईंची वेगळी अट होती. थीम पार्क ही त्यांच्या मते आडवातिडवा पाळणा आणि पैशाची नासाडी. पण महडचा वरदविनायक तिथून जवळ आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्याने पुढे, हे कळल्यावर त्या सगळ्यांत आधी बॅग भरून बसल्या. अष्टविनायकांतले दोन एका मुक्कामात होतात. घरातल्या मोठ्यांना राजी करायचं असेल तर मुक्कामाच्या आसपास देऊळ कोणतं आहे, ते आधी बघून ठेवा. राइडची माहिती नंतर.

आता नातेवाइकांचं. आपल्या प्रत्येकाचं पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत कोणी ना कोणी असतं. "एवढं आपलं घर असताना हॉटेलात?" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवावी लागते. आमची आत्या कल्याणला असते. पहिल्या वर्षी तिला न कळवता लोणावळ्याला गेलो आणि तिने सहा महिने फोनवर फक्त "बरं" एवढंच म्हटलं. दुसऱ्या वर्षी तिच्यामुळेच आमची मोठी अडचण सुटली.

अडचण अशी. विदर्भ एक्सप्रेस संध्याकाळी नागपूरहून सुटते आणि पहाटेच कल्याणला पोचवते. झोपलेली पोरं तशीच खांद्यावर टाकून उतरायचं. पाच वर्षांखालच्यांना तिकीट नाही तसा बर्थही नाही, म्हणजे आपली रात्र आधीच कुशीवर गेलेली. आणि हॉटेलची खोली मिळते दुपारी दोनला! त्या सात-आठ तासांचं काय करायचं, याचा विचार कोणी करत नाही. लॉबीतल्या सोफ्यावर दोन पोरं आणि पाच बॅगा घेऊन बसून बघा. आम्ही पहाटे सरळ आत्याकडे गेलो. अंघोळी झाल्या, तिने गरम उपमा केला, पोरं तिच्या पलंगावर पुन्हा झोपली, तिला वर्षभराच्या गप्पा मिळाल्या. आम्ही नेलेली संत्रा बर्फी तिने शेजारी वाटून आमचं कौतुकही केलं. जेवून बारानंतर टॅक्सीने निघालो ते खोली तयार व्हायच्या वेळेला हजर. नातेवाइकांचं घर रात्रीच्या मुक्कामासाठी धरलं तर पार्कला जायला रोज तास-दीड तास. पहाटेसाठी धरलं तर त्यासारखं सोन्यासारखं ठिकाण नाही. ज्यांचं कोणी नाही त्यांनी लवकर खोली देता का, हे फोन करून विचारावं. देतात, कधी थोडे जास्तीचे पैसे घेऊन, पण ऐन गर्दीच्या दिवशी भरवसा नाही.

समृद्धी महामार्ग आता २०२५ च्या जूनपासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, त्यामुळे गाडीने जाणारेही वाढलेत. माझ्या जावेने लहानग्यांसोबत एका दमात जायचा हट्ट केला नाही, शिर्डीत रात्र काढली. बरं केलं. शंभर-एकशेवीसच्या वेगाने सरळ रस्त्यावर मोठ्यांना बरं वाटतं, पण कारच्या सीटला बांधलेल्या दोन वर्षांच्या पोराला गाडी किती वेगात आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

खोली ठरवताना मी फोटो बघत नाही, फोन करते. पलंग भिंतीला टेकवता येईल का? जादाची गादी द्या, पण खाटेवर नको, जमिनीवर टाका. रात्री पोर पलंगावरून पडल्याचा तो धप्प आवाज एकदा ऐकला की हे आपोआप सुचतं. बाथरूममध्ये बादली आणि मग्गा आहे का, कारण शॉवर डोक्यावर पडला की धाकटा किंचाळतो. फ्रिज आहे का, दुधासाठी. स्वयंपाकघर साडेबाराच्या आत तिखट न घालता मऊ भात आणि साधं वरण देईल का? बुफेत वीस पदार्थ असतात आणि दोन वर्षांच्या मुलाला खाता येईल असा त्यात एक असतो, तोही बहुतेक दही. आणि शेवटचा प्रश्न, जो विचारायला मला लाज वाटायची, आता वाटत नाही : त्या तारखेला लॉनवर लग्न आहे का? रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद व्हायला हवा हे खरं, पण आपली पोरं साडेनवालाच झोपतात, आणि डिसेंबर म्हणजे लग्नाचा मोसम.

हैदराबादचंही बऱ्याच जणी विचारतात. नागपूरवरून रामोजी फिल्म सिटी सोपी आहे. वंदे भारत पहाटे पाचला निघते आणि दुपारी बारा-सव्वाबाराला सिकंदराबादला पोचवते, म्हणजे खोली मिळायच्या वेळेशी ती बरोबर जुळते, विदर्भ एक्सप्रेससारखी आगाऊ पोचत नाही. रामोजीच्या आतच सितारा, तारा अशी हॉटेलं आहेत. पण इथे माझाच नियम थोडा वाकडा होतो. तो परिसर दीड हजार एकरांहून मोठा आहे, फिरणं सगळं बसने. "आत राहतो" म्हणजे "चालत जातो" असं तिथे होत नाही. बसमधून उतरा, चढा, पुन्हा उतरा, यात लहान मुलं लवकर थकतात आणि मधूनच खोलीवर परतायचं तर वाहनाची वाट बघावी लागते. तरीही शहरात राहून रोज तीसेक किलोमीटर जाऊन-येऊन करण्यापेक्षा आतलं बरं. पण धाकटं तीन वर्षांचं होऊ द्या, मग जा. इमॅजिका त्याआधी चालेल.

ज्यांचं बजेट खरोखर तंग आहे, त्यांनी गेटाजवळ एकच रात्र घ्यावी. दुपारी पोचून खोलीत झोप काढायची, संध्याकाळ हॉटेलच्या उथळ पाण्यात घालवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्याबरोबर आत, आणि खोली सोडायची वेळ झाली की एकाने बाहेर येऊन बॅगा स्वागतकक्षात ठेवायच्या. नाहीतर खोपोली गावात साधी खोली घ्यायची. तीही घाटाच्या खालीच पडते, रिक्षा-टॅक्सीने जवळ, आणि संध्याकाळी रमाकांतचा वडा खाता येतो. लोणावळा मात्र पोरं घाटातल्या वळणांवर न ओकता खिडकीतून धबधबे मोजायला लागतील तेव्हा.

आणि हो, पोहायचा नायलॉनचा ड्रेस घरूनच घेऊन जा, दोघा पोरांचा आणि स्वतःचाही. सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. तिथल्या दुकानात तो मिळतो, पण आपल्या सीताबर्डीच्या बाजारात त्याच पैशात तिघांचे होतात.