बेस आधी ऐकू येऊ द्या: गाणं बसवायची साधनं

बेस गिटारवर गाणं बसवताना खरा वेळ बोटांपेक्षा कानाला लागतो. बेसची ओळ नीट ऐकू येत नाही, मग अंदाजाने कॉर्डचा मूळ स्वर धरून वाजवत राहायचं आणि गाणं बसलं असं मानायचं, असं फार होतं. चार तारांच्या बेसची सुटी ई तार ४१.२ हर्ट्‌झला वाजते, ए ५५ला, डी ७३.४ला आणि जी ९८ला. मोबाइलचा स्पीकर साधारण दोन-तीनशे हर्ट्‌झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही. त्यातून आपल्याला फक्त त्या स्वराची वरची हार्मोनिक्स (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) ऐकू येतात, खालचा स्वर मेंदू आपल्या मनाने जोडतो, आणि सप्तकाची चूक इथेच होते. म्हणून पहिली खरेदी वायरच्या, कान झाकणाऱ्या हेडफोनची. ‘एक्स्ट्रा बेस’वाले मात्र टाळा. त्यांत खालचा भाग फुगवलेला असतो आणि शेजारचे दोन स्वर एकसारखेच घुमतात.

ट्यूनिंगलाही हीच अडचण येते. मोबाइलच्या माइकला ४१ हर्ट्‌झ धड पकडता येत नाही, ट्यूनर अॅपचा काटा नाचत राहतो. सुटी तार छेडण्याऐवजी बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) बोट नुसतं टेकवून हार्मोनिक वाजवा. तो ८२.४ हर्ट्‌झचा असतो आणि काटा लगेच स्थिर होतो.

आता गाण्यातून बेस वर काढायचा. साठच्या दशकातल्या अनेक पाश्चात्त्य स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये बेस एकाच बाजूला ठेवलेला आहे. फोनच्या सेटिंगमधला डावा-उजवा बॅलन्स पूर्ण एका बाजूला सरकवून बघा, कधी कधी एवढ्यानेच अर्धं काम होतं. जुनी मोनो रेकॉर्डिंग असतील तर हा उपाय चालत नाही. तिथे ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर घ्यायचं. ते फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. गाण्याचा हवा तो भाग निवडा, आधी लो-पास फिल्टर (दिलेल्या आकड्याच्या वरचा आवाज कापणारा) ४०० हर्ट्‌झला, रोल-ऑफ (कापण्याचा उतार) २४ डेसिबल, आणि मग चेंज पिचमध्ये १२ सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एक फ्रेट) वर. बेस एक सप्तक चढतो आणि कान जिथे सर्वांत सहज स्वर ओळखतो त्या भागाच्या जवळ येतो. आवाज जरा खेळण्यातला वाटेल, पण मघापर्यंत ‘धूम धूम’ ऐकू येणाऱ्या जागी चक्क चाल सापडते. स्वर लिहून घ्या आणि एक सप्तक खाली वाजवा.

एखादं जुनं गाणं दोन फ्रेटच्या मधेच कुठेतरी लागतं. टेपच्या वेगातल्या फरकाने असं होतं. अशा वेळी तारा पिळत बसू नका, कारण दर गाण्याला तारा हलवल्या की त्या ट्यूनिंगला टिकत नाहीत. गाणंच हलवा. चेंज पिचमध्ये सेमीटोनचा अपूर्णांक चालतो: ०.३ वर, ०.२ खाली, असं करत सुटी तार गाण्याशी जुळेपर्यंत.

लूप लावणं, म्हणजे गाण्याचा छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवणं, सोपं वाटतं, आणि सगळ्यांत जास्त गडबड तिथेच होते. गाणं मिनिटाला १०० ठोक्यांचं असेल तर एक ठोका ०.६ सेकंदाचा, चार ठोक्यांचा बार २.४ सेकंदांचा, दोन बारचा लूप ४.८ सेकंदांचा. निवडलेल्या भागाची लांबी ऑडॅसिटीत खाली दिसते. ती ४.६ निघाली तर दर फेरीला ठोक्याचा तिसरा हिस्सा गायब होतोय. वीस-पंचवीस फेऱ्यांनंतर बोटं तीच लंगडी लय शिकतात आणि पूर्ण गाण्यात नेमकी त्या जागी घाई होते. त्यामुळे आधी हिशेब करा, मग लूपची दोन्ही टोकं किकच्या (ड्रमसेटमधल्या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) ठोक्याच्या अगदी सुरुवातीला लावा. क्लिकशिवाय (मेट्रोनोमच्या टकटकीशिवाय) वाजवलेल्या गाण्यात लय थोडी मागेपुढे असते. तिथे आकडा फक्त अंदाजाला, शेवटचा शब्द किकचा.

आणखी एक. लूप नेहमी बारच्या पहिल्या ठोक्यावरच कापू नका. चुका बहुधा सांध्यावर होतात, एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना. पहिल्या बारच्या तिसऱ्या ठोक्यापासून तिसऱ्या बारच्या तिसऱ्या ठोक्यापर्यंत लूप घेतला की पहिल्या-दुसऱ्या आणि दुसऱ्या-तिसऱ्या बारांचे सांधे लूपच्या आत येतात आणि त्यांचाच सराव होतो.

वेग कमी करायला यूट्यूबचं वेगाचं बटण पुरतं. पट्टी न बदलता वेग उतरतो, पण त्यात छोटा लूप लागत नाही. अमेझिंग स्लो डाउनर आणि ट्रान्स्क्राइब ही दोन सॉफ्टवेअर खास याच कामासाठी आहेत. सुरुवात ७० टक्क्यांनी करावी. ५०च्या खाली तारेचा आघात पसरट होतो आणि स्वर नेमका कधी सुरू झाला, कधी थांबला, हे कळत नाही. बेसमध्ये स्वर कुठे थांबतो याला तो कुठे सुरू होतो याच्याइतकंच मोल आहे. सलग तीन फेऱ्या स्वच्छ आल्या की ५ टक्के वाढवा. १००वर थांबू नका, १०५ला नेऊन परत या. मूळ वेग मग ऐसपैस वाटतो.

गाण्यातून बेस वेगळा काढणारी साधनं आता सहज मिळतात. मोइझेस हे अॅप आहे, संगणकावर अल्टिमेट व्होकल रिमूव्हर फुकट चालतं. आवाज, ड्रम, बेस आणि बाकीचं असे चार ट्रॅक निघतात. आपल्याकडच्या गाण्यांत मात्र सावध राहायला हवं. तबल्याचा डग्गा आणि ढोलकीचा धुमेचा आवाज बऱ्याचदा बेसच्या ट्रॅकमध्ये येऊन बसतो. डग्ग्यावर तळहात घासून काढलेली मींड तर हुबेहूब बेसवरच्या स्लाइडसारखी ऐकू येते, आणि ती उतरवून घेणारे लोक आहेत. शंका आली की ओळखायची खूण अशी: तो ‘स्वर’ कॉर्ड बदलली की बदलतो का? बदलत नसेल तर तो डग्गा. माझ्या मते या साधनांचा खरा उपयोग उलट बाजूने आहे. बेस वेगळा ऐकण्यापेक्षा बेस काढून टाकलेला ट्रॅक बनवा आणि त्यावर वाजवा. मूळ वादकाचा आधार गेला की आपण कुठे कच्चे आहोत ते दोन मिनिटांत कळतं.

साँगस्टरसारख्या संकेतस्थळांवरचे टॅब (कोणती तार, कोणता फ्रेट हे आकड्यांत लिहिलेलं) सगळ्यांत शेवटी, फक्त पडताळ्याला. तिथे स्वर बरोबर असला तरी जागा चुकलेली असते. ७३.४चा डी तीन ठिकाणी मिळतो: सुटी डी, ए तारेचा पाचवा फ्रेट, ई तारेचा दहावा. तिन्हींचा पोत वेगळा. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या रेकॉर्डवरचा बेसवादक जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा आणि सुट्या तारा भरपूर वापरायचा. त्याच्या ओळी टॅब बघून पाचव्या फ्रेटवर बसवल्या तर हात उगाच धावतो. त्याच्या तारा फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) होत्या आणि ब्रिजपाशी (तारा बेसच्या अंगावर टेकतात तिथे) फोम असायचा. भांडी घासायच्या स्पंजचा मऊ तुकडा ब्रिजजवळ तारांखाली सरकवला तर राउंडवाउंड (खरखरीत वेढ्याच्या) तारांवरही त्या आवाजाच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं.

फ्लॅटमध्ये रात्री वाजवायला व्हॉक्स अॅमप्लगसारखा छोटा हेडफोन अॅम्प बास होतो. त्याच्या ऑक्समध्ये (बाहेरचं गाणं आत घ्यायच्या भोकात) फोन जोडायला दोन्हीकडे ३.५ मिमीची पिन असलेली वायर लागते. ब्लूटूथ हेडफोन इथे अजिबात नकोत. त्यांत १५० ते २५० मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो आणि १२०च्या लयीत ठोक्याचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. काही अॅम्पमध्ये फोनवरून गाणं ब्लूटूथने आत घेता येतं. ते चालतं, कारण उशीर अख्ख्या गाण्याला सारखाच होतो आणि आपला बेस थेट कानात येतो. अॅम्प नसेल तर बेसचं डोकं लाकडी कपाटाला हलकेच टेकवा, कपाट घुमतं आणि तेवढ्यावर सराव होतो.

बेस काढलेल्या ट्रॅकवर स्वतःचं वाजवणं रेकॉर्ड करा, पण त्याआधी ऑडॅसिटीचं लेटन्सी कॉम्पेन्सेशन (रेकॉर्डिंगमधला उशीर भरून काढणारं सेटिंग) तपासा. मुळात ते उणे १३० मिलिसेकंदांवर असतं आणि तुमच्या यंत्राला ते बरोबर असेलच असं नाही. एका ट्रॅकवर क्लिक वाजवा, हेडफोन माइकला लावून तीच दुसऱ्या ट्रॅकवर घ्या. दोन्ही टोकं एका रेषेत येईपर्यंत आकडा बदला. हे केलं नाही तर सेटिंगचा दोष आपल्या हाताला लागतो.

ऑर्केस्ट्रात वाजवणार असाल तर गाणं एकाच पट्टीत पक्कं करून चालत नाही. गायक ऐनवेळी ‘काळी एक’ म्हणतो. ती सी शार्प, ए तारेचा चौथा फ्रेट. ‘काळी चार’ म्हणजे जी शार्प, ई तारेचा चौथा. ‘काळी दोन’ डी शार्प आहे. तो चार तारांवर सुट्या ईच्या खाली जातो, त्यामुळे ए तारेच्या सहाव्या फ्रेटवरून घ्यावा लागतो आणि अख्खी ओळ वर सरकते. तोच ट्रॅक एक-दोन सेमीटोन वर आणि खाली करून घरीच वाजवून ठेवा. सुट्या तारांवर बेतलेल्या जागा कुठे अडतात हे तेव्हाच समजतं, आणि त्या जागांसाठी दुसरं फिंगरिंग वहीत लिहून ठेवता येतं.