काळी दोन

रविवार, रात्र

गिटार, सॅक्सोफोन आणि माझा तबला, अशा आमच्या फ्यूजनच्या तिघांची आजची अर्धी बैठक सूर लावण्यातच गेली. मला ती वाया गेली असं अजिबात वाटत नाही.

गिटारवाल्याला पांढरी तीन हवी होती, म्हणजे पेटीची तिसरी पांढरी पट्टी, पाश्चात्त्यांचा ‘ई’. त्याची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की तोच सूर, म्हणजे आयता षड्ज. मलाही ती सोयीची. बासरीच्या साथीसाठी माझ्याकडे पांढरी तीनचा तबला आहेच. पण सॅक्सोफोनवाल्याने मान हलवली. आल्टो सॅक्स ई-फ्लॅटचा, म्हणजे कागदावर ‘सी’ वाचून वाजवला की ऐकू येतो ई-फ्लॅट, आपली काळी दोन. पांढरी तीन धरली की त्याला कागदावर सात शार्प, म्हणजे अर्ध्या स्वराने चढवलेले सूर, वाचावे लागतात. उलट काळी दोन घेतली तर तो चक्क साध्या ‘सी’मध्ये वाजवतो, एकही शार्प नाही, एकही फ्लॅट (उतरवलेला सूर) नाही.

पितळ काही पिळून उतरवता येत नाही. शेवटी गिटारवाल्याने सहाही तारा अर्ध्या स्वराने सैल केल्या, मी हातोडी घेऊन गजरा (तबल्याच्या तोंडाभोवतीची चामड्याची वेणी) खालून वर ठोकत तबला उतरवला, तानपुऱ्याचं अ‍ॅप काळी दोनवर ठेवलं आणि सुरू झालो. वीस मिनिटांत पुन्हा बोंब. सोलापूरचा एप्रिल! कोरड्या उष्णतेने तबल्याच्या काळ्या शाईभोवतीचं चामडं ताणतं आणि तबला चढतो, तापला की सॅक्सही चढतो, आणि गिटारच्या तारा मात्र ढिल्या पडून उतरतात. तिघं तीन दिशांना. पंखा लावला तर माइकमध्ये घरघर.

फ्यूजन म्हटलं की लोकांना शेवटची दहा मिनिटं दिसतात, चढती लय आणि टाळ्या. कोण कोणासाठी किती सरकलं, ते कोणी बघत नाही. गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनने ‘शक्ती’ या फ्यूजन बँडसाठी गिटारच्या पडद्यांमधलं लाकूड खोलगट करून घेतलं होतं आणि वर तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या, जास्तीच्या तारा बसवल्या होत्या. नुसतं तबल्यावरच्या झाकीरभाईंच्या (झाकीर हुसेन) शेजारी बसून ते झालं नाही. कद्री गोपालनाथांनी म्हैसूरच्या राजवाड्यातल्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्यातून कर्नाटकी संगीतातली गमक (सुरांचं आंदोलन) काढायला वर्षानुवर्षं घालवली. पुढे १९८०च्या मुंबईतल्या जॅझ महोत्सवात अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन हँडी त्यांच्याबरोबर वाजवायला उभे राहिले.

आमचा सॅक्सवालाही बँडवालाच. पूर्व भागात राहतो, वडील लग्नाच्या बँडमध्ये, हाही हंगामात तिथेच. जॅझ शिकला मोबाइलवर, गती निम्मी करून करून. काल रात्रीची वरात आटोपून आज दुपारी आला, डोळे लाल. लग्नसराईत आमच्या तालमीची तारीख पंचांग ठरवतं. मोठा मुहूर्त असेल त्या दिवशी त्याला बोलवायचं म्हणजे त्याची कमाई बुडवायची. खरा रियाज होतो तो चातुर्मासात, तेव्हा त्याला सुपारी नसते. म्हणून मानधनाचे सरळ तीन भाग करायला माझा विरोध आहे. गिटारवाल्याला पगार आहे, मला क्लासच्या फिया आहेत. यावर आज पुन्हा वाद झाला. मिटला नाही.

मागे एका सूत्रसंचालकाने स्टेजवर सांगितलं, या मुलांनी लय सोलापूरच्या यंत्रमागांकडून घेतली! मागाला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, नसते हो. असो.

आजची खरी कमाई ब्लूजची, म्हणजे ठरलेल्या कॉर्डच्या फेऱ्यावर चालणाऱ्या अमेरिकन संगीतप्रकाराची. बारा बारचा एक फेरा, प्रत्येक बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस. सोळा मात्रांच्या त्रितालाची बरोबर तीन आवर्तनं. एवढं मला आधीही ठाऊक होतं. आज गिटारवाल्याला म्हटलं, फक्त समेवरचे कॉर्ड वाजव, बाकी गप्प. पहिल्या समेला षड्जाचा आला, दुसऱ्या समेला मध्यमाचा, तिसऱ्या समेला पंचमाचा. सा, म, प. अंगावर काटा आला. मग चार-चार बारचे सवाल-जवाब घेतले. चार बार म्हणजे एक आवर्तन, त्यामुळे मोजावंच लागलं नाही. सॅक्सवाला दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पाय आपटत होता आणि मी खालीला, म्हणजे त्रितालाच्या नवव्या मात्रेपासून, डग्गा बंद ठेवत होते. दोन्ही एकदम चाललं.

कार्यक्रमाचं म्हणाल तर पुण्याच्या एका आयोजकांचा निरोप आहे. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जाता येईल, पण परतीची हुतात्मा संध्याकाळीच सुटते, आमचं वाजवणं संपेल रात्री. मुक्कामाचा खर्च कोणाचा, ते त्यांनी लिहिलेलं नाही. मागितलाय मात्र दोन मिनिटांचा व्हिडिओ, ‘जोरदार’.

जोरदार आमच्याकडे आहे. पण आजचा संथ ब्लूज पाठवायचा असं मी ठरवलंय. मिनिटाला साठ मात्रांची लय, म्हणजे एक फेरा अठ्ठेचाळीस सेकंदांचा. दोन मिनिटांवर कापला तर तिसऱ्या फेऱ्यात बरोबर खालीवर तुटतो. तिथे तोडायला हात धजत नाही. तेव्हा दोन मिनिटं चोवीस सेकंदांचा पाठवतेय, मुक्कामाच्या खर्चाचं विचारून. बघू काय म्हणतात.