मूडलमध्ये एच५पी बसवताना : भूगोलाच्या वर्गाचा अनुभव

अकरावीचा भूगोल आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या मूडलवर, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याच्या व्यासपीठावर, टाकायला घेतला, तेव्हा नुसत्या पीडीएफ चढवायच्या नाहीत हे पक्कं होतं. मुलांनी नकाशावर बोट ठेवावं, व्हिडिओनं मध्येच थांबून प्रश्न विचारावा, चुकलं तर तिथल्या तिथे कळावं, एवढी साधी अपेक्षा होती. म्हणून एच५पी, म्हणजे असे धडे बनवायचं साधन, घेतलं. नॉर्वेत सुरू झालेला हा मुक्त स्रोत प्रकल्प मूडलमध्ये २०१९च्या ३.८ आवृत्तीपासून मुळातच आहे. २०२०च्या ३.९ मध्ये त्याची अभ्यासक्रमात जोडता येणारी स्वतंत्र अ‍ॅक्टिव्हिटी आणि धडे साठवून ठेवायची कंटेंट बँकही आली.

घरी नेट नसतानाही काम व्हावं म्हणून पहिले धडे मी लॅपटॉपवर, लुमी या मोफत एडिटरमध्ये बनवले. त्यातली एक फाइल मूडलवर उघडेना. एच५पीची फाइल म्हणजे आतून झिप असते. तिच्यात मजकूर आणि चित्रांबरोबर धड्याचा तो प्रकार (व्हिडिओ, रिकाम्या जागा वगैरे) चालवणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचे संचही असतात. मी वापरलेल्या प्रकाराची लायब्ररी सर्व्हरवर नव्हती, आणि नवी लायब्ररी बसवायची परवानगी शिक्षकाच्या लॉगिनला नसते. संगणक विभागातल्या सरांनी त्यांच्या लॉगिनवरून ती एकदा बसवून दिली, मग पुढे अडलं नाही. हे बंधन मला योग्यच वाटतं. लायब्ररीत जावास्क्रिप्ट असते आणि ती प्रत्येक मुलाच्या ब्राउझरमध्ये चालते, तेव्हा कोणीही उठून ती बसवू नये.

खरा विचार करायला लावला तो गुणांनी. मूडलमध्ये एच५पी दोन वाटांनी ठेवता येतं. पानाच्या मजकुरात बटण दाबून घातलं तर ते दिसतं, चालतं, मुलाला बरोबर-चूकही सांगतं. पण ग्रेडबुकमध्ये, म्हणजे मूडलच्या गुणवहीत, काही जात नाही. एच५पी अ‍ॅक्टिव्हिटी म्हणून जोडलं, तर प्रत्येक उत्तरामागे एक्सएपीआय या नोंदींच्या ठरावीक पद्धतीतलं एक छोटं विधान मूडलकडे जातं : कोणी, काय केलं, कशावर, किती गुण. सरावापुरतं असेल तर पहिली वाट पुरते. मुलानं काय केलं हे शिक्षकाला कळायला हवं असेल, तर दुसरीला पर्याय नाही. शिवाय इंटरॅक्टिव्ह व्हिडिओत शेवटी ‘सबमिट’चा पडदा ठेवायलाच हवा. त्याआधीच व्हिडिओ बंद केला तर सगळी उत्तरं बरोबर देऊनही मुलाच्या नावापुढे गुण येत नाहीत. हे मी धड्याच्या पहिल्याच ओळीत मुलांना ठळक लिहून दिलं.

आता मराठीबद्दल, कारण हे मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही. ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये प्रश्न होता : लोणार हे ____ पाण्याचं सरोवर आहे. उत्तर ‘खाऱ्या’. सहकाऱ्यांना आपापल्या फोनवर सोडवायला दिलं, तर काहींचं अगदी बरोबर उत्तर चूक ठरत होतं. ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर घालून त्याचा पाय मोडतात. काही साधा र घेतात, त्याचा पाय मोडतात आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकाला मात्र वेगळे. ‘किरकोळ चुका स्वीकारा’ हा पर्याय इथे कामाचा नाही. तीन ते नऊ अक्षरखुणांच्या (अक्षर, काना, पायमोड अशी प्रत्येक खूण वेगळी मोजून) शब्दात तो एकच फरक माफ करतो आणि इथे दोन फरक पडतात. वर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही तो पोटात घालतो, ते मला नको होतं. शेवटी उत्तरात तिरकी रेघ देऊन दोन्ही रूपं लिहिली. भूगोलात तर वाऱ्यांची, खोऱ्यात, दऱ्या, किनाऱ्यावर असे शब्द पावलोपावली येतात. दोन्ही रूपांची एक यादी करून ठेवली, तिथून कॉपी करते. जिथे लिहून घेण्यापेक्षा समज तपासायची आहे, तिथे आता शब्द ओढून बसवायचा प्रकार वापरते.

बटणांवरचा इंग्रजी मजकूरही बदलता येतो. प्रत्येक धड्याच्या तळाशी भाषांतराचा भाग असतो, तिथे ‘तपासा’, ‘पुन्हा करा’, ‘उत्तर दाखवा’ असं लिहून टाकलं. धडा कंटेंट बँकेत ठेवून अभ्यासक्रमात त्याची प्रत न घेता दुवा दिला. त्यामुळे एका ठिकाणी केलेली दुरुस्ती दोन्ही तुकड्यांना दिसते.

गुणपद्धत ‘सर्वाधिक गुण’ ठेवल्यानं मुलं न घाबरता पुन्हा पुन्हा सोडवतात. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो प्रयत्नांचा अहवाल. त्यात प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिसतं. वारा जिकडून येतो त्या दिशेवरून त्याचं नाव पडतं, तर सागरी प्रवाहाची दिशा तो जिकडे जातो त्यावरून सांगतात. या प्रश्नावर वर्गातली हुशार मुलंही अडखळली होती. मग पुढचा तास फक्त त्यावरच घेतला, फळ्यावर बाण काढून.