तोपर्यंत हाऊझी

राग आलाय असंही म्हणवत नाही, कारण राग यावा असं कुणी काही केलंच नाही. सगळे गोडच वागले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर हात हातात घेऊन "किती छान गं" म्हटलं. तरी कोजागिरीपासून काहीतरी टोचतंय. नक्की काय, ते कळावं म्हणून आज लिहायला बसलेय.

झालं एवढंच. सोसायटीच्या गच्चीवर माझं पहिलं गाणं नीट झालं. दुसऱ्यासाठी गिटारच्या दोन तारांचा सूर खाली उतरवायचा होता. गिटारला जवळजवळ गाल टेकवून मी खुंटी पिळत बसले होते, तेवढ्यात काकांनी माइक उचलला. "ताईंचं लावून होतंय तोपर्यंत आपण हाऊझीची तिकिटं वाटून टाकू." तिकिटं वाटून झाली, पेनं शोधून झाली, चिंटूने पहिला आकडा पुकारलासुद्धा. माझ्या तारा तोवर छान लागल्या होत्या. मी गिटार कव्हरमध्ये घातली आणि एक तिकीट घेतलं. जल्दी फाइव्ह मलाच लागलं, हा वर आणखी विनोद.

पण ते दुसरं गाणंच मला गायचं होतं. पहिलं नुसतं लोकांना जरा स्थिरस्थावर करायला होतं. दुसरं आईवर आहे. असो.

शास्त्रीय मैफलीत तबलजी हातोडी घेऊन पाच पाच मिनिटं ठोकत बसतो, तेव्हा कुणाची हिंमत होते का तिकिटं वाटायची? उलट लोक आदराने मान डोलावतात. गिटार लावणारी बाई मात्र वेळ काढतेय असं वाटतं. हे मी दोन रात्री मनातल्या मनात घोळवलं, काकांना बरंच काही सुनावलं, आणि काका लिफ्टमध्ये भेटल्यावर "दूध मस्त झालं होतं हं" म्हणाले. खरंच झालं होतं.

तेव्हापासून कानात निक ड्रेक चालू आहे, इंग्लंडचा गिटार वाजवत गाणारा. नेहमीचे तीन अल्बम नाहीत, त्यांच्या आधीचा निक. कारण उघड आहे, तारांचा हा छळ त्याच्याइतका कुणी सोसला नसेल. जवळजवळ प्रत्येक गाण्याला वेगळं ट्यूनिंग. १९६९-७० मध्ये इंग्लंडातल्या फोक क्लबांमध्ये तो गायचा, तेव्हा दोन गाण्यांच्या मध्ये मान खाली घालून तारा पिळत बसायचा, एक अवाक्षर बोलायचा नाही. समोर बिअरचे ग्लास, गप्पा. हल शहरातल्या क्लबातल्या लोकांना तर सगळ्यांनी मिळून म्हणता येतील अशी ध्रुवपदं हवी होती, आणि याच्याकडे ती नव्हती. १९७० च्या मध्यापर्यंत त्याने स्टेजवर जाणंच जवळजवळ सोडून दिलं. तो गातानाची एकसुद्धा चित्रफीत नाही. रेकॉर्डसुद्धा त्याच्या हयातीत प्रत्येकी पाचेक हजारांच्या वर खपल्या नाहीत म्हणतात. १९७४ मध्ये गेला, सव्वीस वर्षांचा.

हे सगळं आठवून मला जे काही बरं वाटलं, त्याची लाज वाटायला हवी. म्हणजे बघा, आमचं दुःख एकाच जातीचं! त्याच्या पुढ्यात बिअर, माझ्या पुढ्यात भेळ. ट्रेनमध्ये खिडकीशी उभी राहून भायखळ्यापर्यंत मी अगदी शहीद झाले होते.

पण मग फेस्टिव्हल हॉलचं काय करायचं? २४ सप्टेंबर १९६९, लंडनचा रॉयल फेस्टिव्हल हॉल, फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या फोक-रॉक बँडच्या आधी निक गायला. तोच अबोल, तारा तशाच पिळणारा, आणि तिथे लोकांनी चुपचाप ऐकलं. म्हणजे दोष तारांचा नाही. मग कशाचा? तिथे लोक तिकीट काढून आले होते, एवढंच? आमच्या गच्चीवरही तिकीट काढलंच की लोकांनी, फक्त माझं नाही.

दुपारी ऑफिसातून जेवायला बाहेर पडले की फोर्टातल्या वॉलेस स्ट्रीटवरून जाते. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचं ऑफिस तिथलंच. निकचे वडील रॉडनी याच कंपनीत इंजिनिअर होते, म्हणून तर निकचा जन्म रंगूनचा, १९४८ चा. आणि याच कंपनीच्या सागवानाच्या तंट्याचं निमित्त करून इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य घेतलं आणि त्याला रत्नागिरीला आणून ठेवलं. मे महिन्यात आजोळी गेलं की थिबा पॅलेस ठरलेला असायचा, तिथल्या पायऱ्यांवर मामाने काढलेला आम्हा सगळ्या भावंडांचा फोटो आहे. दादा त्यात माझ्या शेजारी उभा आहे. तो विषय आज नको.

तर याचा माझ्या गाण्याशी संबंध काय? काही नाही. फक्त एवढा लांबचा माणूस एकदम शेजारच्या गल्लीतला वाटायला लागतो, आणि मग त्याच्यावर हक्काने चिडता येतं. आज चिडले. अरे बाबा, तारा लावताना दोन शब्द बोलायला काय झालं होतं? "हे गाणं अमुक ठिकाणी सुचलं", "आज थंडी आहे", काहीही!

चिडले, कारण तो बोलायचा. तेच तर या जुन्या टेप्सवर ऐकू येतं. केंब्रिजला असताना, १९६८ मध्ये, कॉलेजातल्या एका खोलीत त्याने गाणी टेप केली. मित्राला, रॉबर्ट कर्बीला, गाण्यांना साथ करणारी व्हायोलिनं वगैरे लिहायची होती, त्याला चाली कळाव्यात म्हणून. गाण्यांच्या मध्ये निक त्याच्याशी बोलतो, हळू आवाजात, पण चांगलं मोकळेपणी. २०२५ मध्ये हे बाहेर आलं, त्यासोबत १९६८ च्याच मार्चमधलं स्टुडिओतलं पहिलं रेकॉर्डिंगही. (तो चेल्सीतला स्टुडिओ म्हणजे जुनी डेअरी. दूध काही आमची पाठ सोडत नाही.) त्याच्याही आधीच्या घरच्या टेप्स २००७ मध्ये निघाल्या. त्यात तो बहिणीबरोबर गातो, मोझार्टच्या एका रचनेत नातेवाइकांबरोबर क्लॅरिनेट वाजवतो. त्याची आई मॉलीसुद्धा स्वतःची गाणी करायची आणि पियानोवर म्हणायची. ती घरच्या घरी टेप करून ठेवली कुणी, तर रॉडनीसाहेबांनी.

या टेप्सचा दर्जा यथातथाच आहे, खरखर आहे. पण ऐकताना सारखं जाणवतं की खोलीत आणखी कुणीतरी आहे आणि ते कोण आहे हे गाणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. मला तेच हवं होतं का? गच्चीवरच्या साठ माणसांत एक माणूस? तसं असेल तर साठ जणांवर रुसण्यात काय अर्थ आहे. आणि तो एक माणूस आता कुठून आणायचा. हेही पुढे लिहिलं तर रडारड होईल.

काल रात्री मावशीने फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ टाकला. तिने शूट केलंय हे मला माहीतच नव्हतं. पहिलं गाणं पूर्ण आहे, माझं डोकं मात्र अर्धं फ्रेमच्या बाहेर. मग मी तारा पिळतेय, मागे काकांचा आवाज, आणि सगळ्यात मोठा, फोनच्या अगदी जवळचा, मावशीचा: "अगं थांबा की जरा, ती लावतेय ना!" नंतर कॅमेरा खाली गेला, तिच्या चपला दिसल्या, संपलं. काल मी बहुतेक झोपेपर्यंत तेवढाच तुकडा ऐकत होते. ग्रुपवर मामांची एकच प्रतिक्रिया आली, साडी कुठून घेतली.

काकांनी एकतीस डिसेंबरसाठी विचारलंय. म्हणाले, "या वेळी तीन गाणी घ्या, फक्त घरून लावून आणा." मी हो म्हटलंय. तिन्ही एकाच ट्यूनिंगमधली काढता येतात का ते बघायला हवं, नाहीतर भाच्याची गिटार मागून दोन दोन घेऊन वर जायचं. भाचा देईल, पण त्याची पहिली तार कायम तुटलेली असते, ती आणायला दादरला जायला हवं. मावशीला पुढच्या रांगेत खुर्ची धरून ठेवायला सांगितलंय. ती म्हणाली, आधी हाऊझी उरकून घ्या.